ॲसिटोनमधली चांदी बारीक का राहते?

या महिन्याच्या टपालात एक पत्र सहा पानांचं आहे आणि बाकीची तीन मिळून जेमतेम एक पान. उत्तरांचंही तसंच होणार, रागावू नका. नावं छापू नका असं सगळ्यांनीच कळवलंय, म्हणून फक्त ठिकाणं देते.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी चांदीचा पत्रा बीकरच्या तळाशी ठेवून वरून लेझर मारला. एनडी-याग जातीचा लेझर, तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, सेकंदाला १० स्पंद, प्रत्येक वेळी २० मिनिटं. एकदा डिस्टिल्ड पाण्यात, एकदा इथेनॉलमध्ये, एकदा ॲसिटोनमध्ये. पाण्यातलं कलिल (द्रवात तरंगणाऱ्या अतिबारीक कणांचं मिश्रण) छान पिवळं आलं. इथेनॉलमधलं मळकट तपकिरी झालं आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पाहिलं तर बाटलीच्या तळाशी काळा गाळ. ॲसिटोनमधलं स्वच्छ पिवळं, आणि टेमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) फोटोत सगळ्यात बारीक कण त्यातलेच. पाण्यातले मधले, इथेनॉलमधले सगळ्यात मोठे. मी परावैद्युत स्थिरांकांचा (द्रवात विद्युतभार किती सहज सुटे राहतात ते सांगणारा आकडा) तक्ता काढला : पाणी ८०, इथेनॉल २४, ॲसिटोन २१. त्या हिशेबाने ॲसिटोनमधले कण सगळ्यात आधी एकमेकांना चिकटायला हवे होते. सर म्हणाले, ‘सॉल्व्हंट इफेक्ट म्हणून लिहून टाक आणि पुढे चल.’ माझं समाधान होत नाहीये. (प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : समाधान होत नाहीये हे चांगलंय. ‘सॉल्व्हंट इफेक्ट’ म्हणजे ‘हवामानामुळे सर्दी झाली’ म्हणण्यासारखं आहे. चूक नाही, पण त्यातून औषध कळत नाही.

आधी शब्दाचं एक खुसपट काढते, सवय जात नाही. आपण ‘द्रावक’ म्हणतो, पण तुझ्या बीकरमध्ये चांदी विरघळलेली नाहीच. ती तरंगते आहे, घन कणांच्या रूपात. मीठ पाण्यात विरघळलं की मिठाचे आयन सुटे होतात आणि पुढे त्यांची वाढ-बिढ काही होत नाही. तुझा चांदीचा कण मात्र हजारो अणूंचा गठ्ठा आहे, त्याला पृष्ठभाग आहे, आणि शेजारी दुसरा गठ्ठा भेटला की दोघांना एक व्हायचं असतं, कारण तसं झालं की उघडा पृष्ठभाग कमी होतो. तेव्हा प्रश्न असा विचार : या तिन्ही द्रवांपैकी कोण त्या दोन गठ्ठ्यांच्या मध्ये उभं राहतं, कशाच्या जोरावर, आणि किती वेळ?

वेळेवर मी जोर देते आहे, कारण द्रव एकदाच काम करत नाही. पहिलं काम लेझरचा स्पंद पडतो तेव्हाचं. काही नॅनोसेकंदांत पत्र्याचा इवलासा थर उडतो, त्याचा प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) होतो, भोवतालचा द्रव तापून त्याची वाफ होते आणि एक बुडबुडा फुगतो. तो काहीशे मायक्रोसेकंद जगतो आणि बसतो. बीकरमधून जो ‘टक् टक्’ आवाज येतो ना, त्यात या बुडबुड्यांचाही वाटा असतो. क्ष-किरणांनी या बुडबुड्याच्या आत डोकावून पाहिलेलं आहे, कण आतच तयार झालेले दिसतात. तुझा लेझर सेकंदाला १० वेळा पडतो, म्हणजे दोन स्पंदांमध्ये एक लाख मायक्रोसेकंद. पुढचा स्पंद येईपर्यंत आधीचा बुडबुडा कधीच संपलेला असतो.

आता हा बुडबुडा कशाचा? पाण्यात पाण्याच्या वाफेचा, ॲसिटोनमध्ये ॲसिटोनच्या. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण २२६० ज्यूल लागतात, ॲसिटोनला त्याच्या चौथाईच्या आसपास. उष्णता वाहून नेण्यातही पाणी ॲसिटोन किंवा इथेनॉलपेक्षा तिपटीहून सरस आहे. म्हणजे तिन्हीकडे बुडबुड्याचा आकार, आयुष्य आणि कण गार होण्याचा वेग वेगळा. शिवाय त्या तापमानाला ॲसिटोन ॲसिटोन राहत नाही. काही रेणू फाटतात, कार्बनचे तुकडे सुटतात आणि नव्या कणांवर बसतात. टोल्यून या दुसऱ्या सेंद्रिय द्रवात सोनं मारून बघितलंस तर कणांवर चक्क ग्राफाइटसारखं कवच चढतं, आणि सोन्याचा तो लालबुंद रंगही फिका पडतो. कवच चढलं की वाढ थांबली, कढईला काजळी धरावी तसं. पाण्यात कार्बन नसतो, ऑक्सिजन असतो. चांदी-सोनं त्याला फारसं दाद देत नाहीत, पण तांब्याचा पत्रा पाण्यात मार, तांब्याचं ऑक्साइड होईल. तोच पत्रा ॲसिटोनमध्ये मारलास तर तांबं बरंचसं तांबंच राहतं. टायटॅनियमचं पाण्यात ऑक्साइड, सेंद्रिय द्रवांत कार्बाइड.

द्रव नुसता बघ्या नसतो हे आपल्या मराठी मुलखातच पहिल्यांदा नीट दिसलं, आणि हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही याचं मला दरवर्षी वाईट वाटायचं. १९८७ साली पुणे विद्यापीठातल्या गटाने (पाटील, कुलकर्णी, घैसास, कानेटकर, ओगले, भिडे ही त्यातली नावं) पाण्याखाली ठेवलेल्या लोखंडावर रुबी लेझर मारला आणि पृष्ठभागावर लोखंडाची ऑक्साइडं तयार झालेली दाखवली. ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये ते छापून आलं. त्यांना कण नको होते, पृष्ठभाग हवा होता. द्रवात लेझर मारून धातूंची कलिलं करण्याचं काम पुढे १९९३ च्या सुमारास परदेशात झालं. पण आज जगात या विषयावरचा कुठलाही मोठा आढावा उघड, सुरुवात बहुधा पुण्याच्या त्या निबंधापासून होते. तुझ्या प्रोजेक्टच्या पहिल्या प्रकरणात तो नसेल तर आजच घाल.

आता दुसरं काम, आणि तुझं कोडं इथे आहे. बुडबुडा बसला, कण द्रवात मोकळे झाले. समज त्यांना कुणीही अडवलं नाही, भेटले की चिकटले. मग किती वेळात निम्मे उरतील? हा हिशेब कागदावर होतो, करून बघ. एक लिटर पाण्यात १० मिलिग्रॅम चांदी आणि १० नॅनोमीटरचे कण धरले, तर लिटरमागे कणांची संख्या १८ च्या पुढे १४ शून्यं इतकी येते. ते इतके जवळजवळ असतात आणि इतके धावतात, की सेकंदाच्या एक-दशांश भागातच निम्मे उरतात. पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागत असेल. ॲसिटोन पाण्याहून पातळ, श्यानता जवळपास एक-तृतीयांश, म्हणून तिथे हाच वेळ आणखी तिपटीने कमी. आणि तुझं ॲसिटोनमधलं कलिल तर दुसऱ्या दिवशीही पिवळंच होतं. याचा अर्थ तिथे अडवणारं काहीतरी फारच जबर आहे, आणि ते श्यानता नाही.

पाण्यात अडवतो तो विद्युतभार. कणाच्या पृष्ठभागावरचे थोडेसे अणू ऑक्सिजनला बांधले जातात, कण ऋणभारित होतो, भोवती धन आयनांचं ढगासारखं आवरण जमतं. दोन ढग एकमेकांत शिरायला लागले की प्रतिकर्षण. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक ८० असल्यामुळे आयन सुटे राहू शकतात, म्हणून हा ढग टिकतो. इथेनॉलमध्ये २४ वर आलं की आयन आपापल्या जोडीदाराला घट्ट धरून बसतात, भार सुटाच होत नाही, ढग लेचापेचा. तुझा काळा गाळ तिथून आला. डेअरीत दूध घेताना करतात ती अल्कोहोल टेस्ट पाहिली आहेस का? दुधात तेवढंच अल्कोहोल घालून हलवतात. ताजं दूध तग धरतं, आंबायला लागलेलं लगेच फुटतं. दूध हेही कलिलच आहे. आम्लाने त्याच्या कणांचा भार आधीच कमी झालेला असतो, आणि अल्कोहोल उरलासुरला आधार काढून घेतं. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी ही परीक्षा आजी वेगळ्या रीतीने करायची, दूध तापवून. फाटलं की गवळ्याचा उद्धार.

तुझ्या तक्त्याप्रमाणे ॲसिटोन २१, म्हणजे इथेनॉलहूनही वाईट. इथवर तुझा तर्क बिनचूक आहे. फक्त तो एकाच पहारेकऱ्याचा विचार करतो. परावैद्युत स्थिरांक सांगतो की दूरवरचं प्रतिकर्षण कसं चालेल. पण कणाच्या अंगाला चिकटून कोण बसलंय हे तो सांगत नाही. त्यासाठी दुसरा तक्ता काढ, द्विध्रुव आघूर्णाचा (रेणूची धन आणि ऋण टोकं किती ठळक आहेत त्याचं माप) : पाणी १.८५ डिबाय, इथेनॉल १.६९, ॲसिटोन २.८८. ॲसिटोनच्या रेणूत मधोमध कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन असतो, त्याच्या टोकाशी ऋण बाजू, आणि तो चांदीच्या पृष्ठभागाकडे तोंड करून चिकटतो. शिवाय ॲसिटोनचं एक ‘एनॉल’ रूप असतं, अणू तेच पण मांडणी वेगळी. त्यातला हायड्रोजन निघून गेला की उरणारा ऋण आयन धातूवर आणखी घट्ट बसतो. एकाशेजारी एक रेणू दाटीने बसले की कणाला जणू चोळी शिवली. आतला कण वाढू शकत नाही, बाहेरचा येऊन मिसळू शकत नाही. इथेनॉलच्या ओएच गटाची पकड तुलनेने सैल. दोघांचे परावैद्युत स्थिरांक जवळजवळ सारखे असूनही वागणं इतकं वेगळं, ते यामुळे.

म्हणून तुझा क्रम (ॲसिटोन बारीक, पाणी मध्यम, इथेनॉल जाड) मला अजिबात विचित्र वाटत नाही. चांदीसाठी असाच क्रम इतरांनाही मिळालेला आहे.

पण थांब. आता तुझ्या वहीकडे येते.

तू स्पेक्ट्रमच्या (कलिल कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती गिळतं त्याच्या आलेखाच्या) तीन झेरॉक्स पाठवल्यास, कोपऱ्यात तारखा आहेत. पाण्याचा स्पेक्ट्रम त्याच दिवशीचा. ॲसिटोनचा दुसऱ्या दिवशीचा. आणि इथेनॉलचा दिवाळीची सुट्टी संपल्यावरचा! म्हणजे तू तीन द्रव तुलनेला घेतले नाहीस, तीन वयं घेतलीस. द्रवाचं तिसरं काम नेमकं इथे चालतं, बाटलीत. लेझर बंद केला, कव्हर घातलं, तू घरी गेलीस, तरी कण वाढत राहतात. काही एकमेकांना चिकटून, काही बारीक कणांतले अणू सुटून मोठ्यांवर बसतात म्हणून. पहिल्या तासात हे सगळ्यात भराभर होतं, मग मंदावतं, आणि किती लवकर मंदावतं ते द्रवावर अवलंबून. ही वाढच तुझ्या प्रोजेक्टचा गाभा आहे, आणि तीच तू सुट्टीत वाया घालवलीस.

आता असं कर. प्रत्येक द्रवाचं कलिल झालं की घड्याळ लाव. पहिला स्पेक्ट्रम ५ मिनिटांत, मग १५, ३०, ६० मिनिटांनी, मग त्या दिवशी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने. चांदीचं शिखर ४०० नॅनोमीटरच्या आसपास असेल. ते लाल बाजूला सरकतंय का, रुंद होतंय का, आणि ६०० च्या पुढची शेपटी उचलली जातेय का, एवढंच बघ. शेपटी उचलली की समज, कण गटागटाने चिकटायला लागले. एक खबरदारी : ॲसिटोन स्वतःच ३३० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश गिळतं, तेव्हा तिथला स्पेक्ट्रम पाण्याशी ताडून पाहू नकोस. आणि शिखर एकदोन नॅनोमीटर सरकलं म्हणून कण मोठा झाला असं लगेच लिहू नकोस. भोवतालच्या द्रवाचा अपवर्तनांक बदलला तरी शिखर सरकतं, आणि पाण्याचा १.३३ तर ॲसिटोन, इथेनॉल दोघांचा १.३६. एकाच बाटलीतला बदल वेळेनुसार मोज, दोन बाटल्यांतला जपून.

हे सगळं मी शहाणपणाने सांगतेय असं वाटेल. माझं स्वतःचं ऐक. मे महिना होता, बाहेर ४५ अंश. दुपारी लाइट गेली, आली. लेझरचा चिलर सुरू झाला, खोलीचा एसी काही होईना. मी आपली हट्टाने ॲसिटोनचा प्रयोग रेटला, पंखा लावून. अर्धा तास. कण कमी आले आणि मोठे आले. मी खुशीत विभागाच्या सेमिनारमध्ये ‘ॲसिटोनमध्ये वाढ जास्त’ असा निष्कर्ष वाचून मोकळी झाले, पारदर्शिका वगैरे करून. नंतर बीकर धुता धुता आमचे लॅब अटेंडंट म्हणाले, “मॅडम, त्या दिवशी तं बीकर अर्धा आटून राह्यला होता न!” म्हणजे ८ मिलिमीटरची पातळी ४ वर आली होती. लेझरची भिंगं हवेतून येणाऱ्या किरणाला नाभीशी आणतात, द्रवात शिरताना किरण वाकतो, म्हणून नाभी थोडी खोल जाते. किती खोल, ते द्रवाच्या उंचीवर अवलंबून. ॲसिटोनमध्ये ८ मिलिमीटरला साधारण २.१ मिलिमीटर, ४ ला साधारण १.१. म्हणजे माझी नाभी मिलिमीटरभर वर सरकली होती, पत्र्यावरचा ठिपका पसरला होता, आणि उरलेल्या अर्ध्या द्रवात आधीचे कण दुप्पट दाट झाले होते. यात ॲसिटोनचा दोष एवढाच की ते ५६ अंशांना उकळतं आणि नागपूरचा मे महिना त्याच्या फार जवळ जातो. जानेवारीत झाकण लावून, पातळी दर पाच मिनिटांनी सारखी करून तोच प्रयोग केला, निष्कर्ष बरोबर उलटा. सेमिनारला बसलेल्यांना मी कधी कळवलं नाही. आज छापून कळवते.

तू दिवाळीच्या सुमाराला काम केलंस, तेव्हा आटणं कमी झालं असेल, पण शून्य नाही. बीकरवर काचेची चकती ठेव, लेझर तिच्यातून जाऊ दे (चकती नाभीच्या बरीच वर हवी, नाहीतर तीच फुटेल), आणि पातळीला मार्करने खूण कर. द्रव बदललास की भिंगाची उंचीही त्या द्रवाच्या अपवर्तनांकाप्रमाणे बदल. १० मिलिमीटर पाण्यात नाभी २.५ मिलिमीटर खाली जाते, तेवढ्याच टोल्यूनमध्ये ३.३. तीन द्रव, एकच भिंगाची उंची, असं केलंस तर द्रवाबरोबर तू लेझरची तीव्रताही बदलतेस, आणि मग सरांचं ‘सॉल्व्हंट इफेक्ट’ही खरं ठरत नाही.

ॲसिटोन कोणत्या दर्जाचं वापरलंस ते पत्रात नाही. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, उघडी बाटली नागपूरच्या पावसाळ्यात आठवडाभर ठेवली तर तुझं ‘ॲसिटोन’ म्हणजे थोडं पाणीही असतं. नवी बाटली, त्याच दिवशी उघडलेली. आणि पाणी डिस्टिल्डच, नळाचं चुकूनही नको. नळाला येतं ते पेंच-कन्हानचं, क्लोरीन घातलेलं. क्लोराइड आणि चांदी एकत्र आली की सिल्व्हर क्लोराइड, आणि तुझं पिवळं कलिल मळकं होणार.

शेवटी एक आईसारखं सांगते. ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट उणे २० अंश आहे. म्हणजे नागपुरात तर सोड, कडाक्याच्या थंडीतही त्याच्या वाफेला ठिणगी पुरते. आणि तू त्याच्यावर लेझर मारतेस. एक्झॉस्ट चालू, बीकर लहान, अग्निशामक हाताशी, आणि १०६४ साठीचा चष्मा डोळ्यांवर. हा किरण दिसत नाही, म्हणून भीती वाटत नाही. माझ्या एका सहकाऱ्याच्या उजव्या डोळ्यात मधोमध एक काळा ठिपका आहे, कायमचा, आणि तो त्याला एका क्षणात मिळाला. उरलेलं ॲसिटोन सिंकमध्ये ओतू नकोस. ‘सेंद्रिय टाकाऊ’ लिहिलेला कॅन असतो, त्यात.

आठवड्याच्या स्पेक्ट्रमांची झेरॉक्स पाठव, पेन्सिलीने तारीख आणि वेळ दोन्ही घालून.

प्रश्न : ताई, माझं सराफ्यात दुकान आहे. कॉलेजातली पोरं लेझरसाठी सोन्याचा पत्रा मागायला येतात, दोन तास वापरून परत देतो म्हणतात. वजनात किती घट धरायची? आणि २२ कॅरेटचा दिला तर चालेल का? सुवर्णभस्म म्हणतात ते हेच का? (इतवारी, नागपूर)

उत्तर : भाऊ, तुम्ही वजन करून देणार आणि वजन करून घेणार हे मला माहीत आहे, आणि तसंच करा. पण घट तुमच्या काट्यावर जेमतेम दिसेल. कॉलेजातला लेझर तासाला फार तर काही मिलिग्रॅम सोनं उडवतो. २० मिलिलिटरच्या एका बाटलीत ५० मिलिग्रॅम प्रति लिटर अशी दाट लाली आणायची तर एक मिलिग्रॅम सोनं लागतं. तोळ्याच्या ९६ गुंजा धरल्या तर हे एका गुंजेच्या १२० व्या भागाएवढं. पत्र्यावर मात्र मळकट डाग पडेल, तो उजाळून घ्या.

२२ कॅरेट देऊ नका. त्यातलं तांबं आणि चांदी पत्र्याबरोबरच उडतात, कण मिश्रधातूचे होतात. चांदी मिसळली की रंग लालाकडून पिवळ्याकडे झुकतो, तांबं पाण्यात ऑक्साइड होतं, आणि पोरांना वाटतं आपण काहीतरी नवं शोधलं. २४ कॅरेटचाच द्या, आणि एक करा : टाकणखार किंवा तेजाबाचा अंश पत्र्यावर राहू देऊ नका, डिस्टिल्ड पाण्यात उकळून द्या. सोन्याच्या लाल पाण्यात मीठ अगदी नखभर गेलं तरी ते डोळ्यांदेखत निळं पडतं, कारण कणांभोवतीचा तो भाराचा ढग आक्रसतो आणि कण गोळा होतात. गंमत म्हणजे मिठाचा अतिसूक्ष्म अंश, मायक्रोमोलरच्या घरातला, उलट सोन्याचे कण बारीक ठेवायला मदत करतो. दोन्ही खरं आहे, मात्रेचा फरक.

भस्म वेगळं. ते पारा वगैरेंबरोबर खलून, पुटं देऊन भट्टीत होतं. हे पाण्यात लेझरने होतं. दोन्हींत सोन्याचे बारीक कण असतात एवढंच साम्य. कुणी पोरगा हे पाणी औषध म्हणून विकायला आला तर हाकलून द्या.

प्रश्न : आमच्या कॉलनीत एकजण ‘चांदीचं पाणी’ रोज चमचाभर घ्या म्हणून विकतोय. घ्यावं का? (वर्धा रोड)

उत्तर : नाही. चांदी शरीरात साठत गेली की त्वचा निळसर करडी होते, अर्जिरिया म्हणतात, आणि तो रंग जात नाही.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्याकडे लेझर म्हणजे शंभर रुपयांचा पॉइंटर. त्यावर कलिलं आणि द्रवाचा परिणाम वर्गात दाखवता येईल का? (काटोल)

उत्तर : येईल, आणि मला तर तेच जास्त आवडतं. तीन काचेचे ग्लास घ्या. पहिल्यात नुसतं मीठ-पाणी, बाकीच्या दोन्हींत पाणी आणि दुधाचे चार थेंब, ढवळा. खोलीत अंधार करून बाजूने पॉइंटर मारा. दुधाच्या पाण्यातून किरणाची वाट दिसते, नुसत्या मीठ-पाण्यात दिसत नाही. पॉइंटर मुलांच्या हाती देऊ नका, भिंतीकडे रोखून तुम्हीच धरा. आता दुसऱ्या ग्लासात थोडं लिंबू पिळा. काही मिनिटांत बारीक गाठी दिसायला लागतील, किरणाची वाट तुटक होईल, मग गाठी तळाशी जातील. तिसऱ्या ग्लासात काही करायचं नाही, तो साक्षीला. दोन दिवस खिडकीत ठेवा, तोही आंबून आपोआप फुटू शकतो. फुटला तर मुलांना विचारा, या ग्लासात लिंबू कुणी पिळलं?

संत्र्याचा रस चालेल का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. संत्र्यांच्या गावचे, काटोलकर म्हणून विचारणारच. चालेल, पण आंबट संत्रं घ्या आणि रस गाळून घ्या, नाहीतर किरण गरावरच उजळेल आणि मुलं दुधाऐवजी संत्र्याची कलिलं बघत बसतील.